वाघोलीहून आणलेलं विरजण

प्रिय अहो,

टाकी हलवली.

हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं काहीही वाचायच्या आधी तुम्हाला तेच हवं असणार. मासे जिवंत आहेत. प्रवाळ उघडलेत. जमिनीवर थोडं पाणी सांडलं, पण खालच्या मजल्यावरून कुणी तक्रार घेऊन वर आलं नाही, म्हणजे फार सांडलं नसावं. खारटपणा मोजायच्या तुमच्या त्या छोट्या दुर्बिणीतून पाणी पाहिलं. रेघ जिथे असायला हवी म्हणून तुम्ही डोकं खायचात, तिथेच आहे. झालं समाधान?

'प्रिय' लिहिताना जरा अडखळले. तुम्ही कधी पत्र लिहायची वेळच आणली नाहीत. पाटबंधारे खात्यानं तुम्हाला कुठल्याही धरणावर टाकलं, तरी शनिवारी संध्याकाळी धुळीनं भरलेले बूट घेऊन तुम्ही दारात हजर. पत्र कुणाला लिहिणार? आता मात्र बदली अशा ठिकाणी झालीय की शनिवारचं काही खरं नाही.

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होईल. घरी बुद्धवंदना आहे. भंतेजी येतील, तुमच्या ऑफिसातले येतील, गावाकडचे येतील. मग कुणीतरी म्हणेलच, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला." बोलेन की. पण तिथे सगळे तुमच्या प्रामाणिक नोकरीबद्दल बोलणार, त्यात मी मिठाच्या पाण्याचं काय सांगत बसू? टाकीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत न कंटाळता ऐकेल असा माणूस या घरात एकच होता, आणि उद्या तो नेमका गैरहजर. म्हणून आज लिहितेय.

आणि थोडा रागही काढायचाय.

नवी टाकी तुम्ही हौसेनं करून घेतलीत. स्लॅबवर किती भार येईल, बीम कुठून जातो, सगळा हिशेब करून हॉलच्या भिंतीला लावून उभी केलीत. त्यासाठी माझा दिवाण गेला. मी विचारलं, हलवणार कधी? म्हणालात, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. म्हणालात, थंडी सरू दे, थंडीत पाण्याचं तापमान घसरतं. थंडी सरली. मग तुमच्या छातीत दुखायला लागलं, तर तेही पुढे ढकललंत. "ॲसिडिटी आहे गं." अहो, अख्खी नोकरी ऑपरेशन थिएटरात काढलेली नर्स घरात बसलीय, आणि तुम्ही तिला सांगताय ॲसिडिटी! डॉक्टरांपुढे मी कधी गप्प बसले नाही, तुमच्यापुढे का बसले कुणास ठाऊक.

तुम्ही गेल्यावर ती भलीमोठी काचेची पेटी तशीच रिकामी उभी होती. मी तिच्यात गोधड्या ठेवल्या. हो, गोधड्या! येणारे विचारायचे, "हे काय आहे?" मी सांगायचे, "कपाट."

जुनी टाकी मात्र मी एक दिवसही उपाशी ठेवली नाही. तुम्ही मला तिच्यात कधी हात घालू दिला नव्हतात. "तुझ्या हाताला फोडणीचं तेल असतं." बरं. पण ऐकायला तर बंदी नव्हती ना? तुम्ही फोनवर अर्ध्या पुण्याला शिकवणी द्यायचात आणि मी पोळ्या लाटत ऐकायचे. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोज वरून गोडं फिल्टरचं पाणीच घालायचं. मासा आशेनं बघतो म्हणून जास्त खायला घालायचं नाही. आणि दगडांना हात लावायचा नाही.

दगडांचं तर तुमचं प्रवचनच असायचं. पाहुणे मासे बघायला यायचे आणि तुम्ही त्यांना दगड दाखवायचात. "हे दगड नाहीत, विरजण आहे विरजण! डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव यात भरलेत. माशांची घाण हेच पचवतात. हे मेले की पाणी नासलं, आणि पाणी नासलं की सगळं संपलं. मी मासे पाळत नाही, दगड पाळतो." पाहुण्यांच्या बायका माझ्याकडे दयेनं बघायच्या.

वर ते दगड तुम्ही वाटायचात! कुणीही डबा घेऊन दारात आला की त्याला एक तुकडा. नवीन टाकी केलीय म्हणाला की मोठा तुकडा. मी म्हणायचे, अहो, थोडं घरातही ठेवा. तर हसून म्हणायचात, "विरजण कुणी मोजून देतं का?" हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा त्यावर येणार आहे.

तर यंदा संक्रांतीच्या सुमाराला जुन्या टाकीच्या मागच्या जोडावर पांढरं मीठ धरायला लागलं. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एका सकाळी खाली ओल दिसली. टाकीचा जोड सुटत चालला होता. सिद्धार्थला हैदराबादला फोन केला.

"आई, देऊन टाक ना कुणाला तरी. बाबांच्या ग्रुपवर मेसेज टाक, लोक आजच्या आज येऊन घेऊन जातील. तुझे गुडघे बघ. बी प्रॅक्टिकल."

मी म्हटलं, "प्रॅक्टिकल मला शिकवू नकोस. तू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत मी ड्यूटीवर होते."

पोराचं चूक नव्हतं. पण अहो, तुमचे कपडे देऊन झाले. चष्मा कपाटात आहे, तो काही बघत नाही. पेन्शनच्या कागदावर नाव आहे, ते काही बोलत नाही. तुमच्या हातानं लावलेलं आणि अजून वाढतंय, असं या घरात ते एकच उरलंय. ते फुटक्या जोडातून वाहून जाऊ द्यायचं नव्हतं. आणि दुसऱ्याच्या हॉलमध्ये पाहुणी होऊन ते बघायला जायचं तर मुळीच नव्हतं. मी ठरवलं, तुमच्या स्मृतिदिनाच्या आत सगळं नव्या टाकीत गेलं पाहिजे. गोधड्या काढल्या.

मदतीला अक्का आल्या. म्हणजे त्या आल्या वंदनेच्या स्वयंपाकासाठी, चांगल्या आधीपासून, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तुमच्या अक्का तुम्हाला ठाऊकच आहेत. तुम्हाला कडेवर घेऊन वाढवणारी थोरली बहीण, आता पाठीत वाकलीय, पण आल्या आल्या मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मी चिडले नाही. म्हणजे, दाखवलं नाही.

नवी टाकी मी आधी साध्या पाण्यानं भरून तपासली, गळत नाही ना ते पाहिलं, मग रिकामी केली. मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवून ठेवलं. हलवायच्या दिवशी सकाळी थिएटरची तयारी करावी तशी सगळी मांडामांड केली. प्रवाळ चिकटलेले छोटे दगड थर्माकोलच्या खोक्यांत, जुन्याच खाऱ्या पाण्यात. मासे झाकणाच्या टबात, हवेचा पंप लावून. पायाचे मोठे दगड बाथरूममधल्या टबात, तेही जुन्याच पाण्यात बुडवून.

अहो, मी हात घातला. ग्लोव्ज घालून, घाबरू नका. इतकी वर्षं मला वाटत होतं ते पाणी गार असेल. कोमट होतं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला काढतो तेवढं कोमट. मी थोडा वेळ हात तसाच ठेवला.

मग बाईसाहेबांना पकडायला गेले तर त्या चावल्या. त्या नारिंगी जोडीतली मोठी, दांडगी, नवऱ्याला कोपऱ्यात उभं करणारी मादी, तिचं नाव तुम्ही बाईसाहेब ठेवलंत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बघून सांगितलंत! जोर आहे हो तिच्या दातांत. तिचा नवरा मुकाट्यानं जाळीत आला.

काचवाल्याची दोन माणसं जुनी टाकी घेऊन निघाली. जिन्यात कठड्यावर आपटू नये म्हणून मी त्यांच्याबरोबर पार्किंगपर्यंत खाली गेले. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी भेटले, जिना ओला का, एवढं पाणी आलं कुठून, हे सगळं झालं. वर आले तर बाथरूममधून खसाखसा आवाज.

"अक्का, काय करताय?"

"दगड धुती हाय गं. काय शेवाळ, काय बुळबुळ! दोन पान्यांनी काढलं, मग तारंच्या घासनीनं घासलं. जा, गॅलरीत बघ, कसं पांढरं निगाल्यात."

गॅलरीत तुमचा जुना टॉवेल अंथरलेला. त्यावर उन्हात ओळीनं मांडलेले तुमचे दगड. जांभळे, हिरवे, तपकिरी, इतक्या वर्षांनी रंगलेले दगड खडूसारखे पांढरे. नळाचं पाणी, तारेची घासणी आणि वर पुण्याचं ऊन! विरजणाचं भांडं साबणानं धुऊन उन्हात पालथं घातलेलं.

मी ओरडले. इतक्या जोरात मी या घरात कधी ओरडले नव्हते. "अक्का, मारलंत सगळं! त्यांचं होतं नव्हतं ते सगळं मारलंत तुम्ही!"

अक्का हातात घासणी घेऊन उभ्या. "मारलं? दगूड मारला म्या?"

"जिवंत होता तो!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू नवरा गेल्यावर बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग घासणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाल्या, "लोकं येनार हायत घरात. काचंतनं समदं दिसतंय. बाळूच्या घरात घान हाय, असं कुनी म्हनायला नगं."

बाळू! अक्कांसाठी तुम्ही अजून बाळूच.

तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. गावात तुमच्या घरी कुणी पाय ठेवत नसे, तरी तुमची आई अंगण दोनदा सारवायची. भांडी राखेनं अशी घासायची की लांबून, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही चमक दिसावी. येणार कुणी नाही, पण नावं ठेवायला जागा नको. अक्का त्या आईच्या हाताखाली शिकल्या. हिरवा बुळबुळीत दगड त्या तशाच तुमच्या काचेत लावू देतील? मीच त्यांना बाथरूममध्ये त्या टबाशेजारी एकटं सोडून खाली गेले होते. सांगितलं होतं का काही? नाही.

पण राग काही लगेच उतरला नाही. अक्का गॅलरीत दगडांशेजारी बसून राहिल्या आणि मी हॉलमध्ये. मधे तो टब, त्यात बाईसाहेब गोल गोल फिरताहेत. मेलेल्या दगडांवर त्यांना नव्या टाकीत सोडलं असतं, तर त्यांचीच घाण साठून आठवड्यात पाणी विषारी झालं असतं. टबात ठेवून, पाणी बदलत, काही दिवस निभावतील. पुढे? सिद्धार्थचं खरं व्हायची वेळ आली होती.

मग मला तुमचं वाक्य आठवलं. घरातलं विरजण बिघडलं तर बाई काय करते? दही सोडून देते का? ज्या घरी आपण दिलं होतं, त्या घरी वाटी घेऊन जाते.

तुमचा फोन मी अजून रिचार्ज करते. का, ते विचारू नका. तो काढला, तुमचा टाकीवाल्यांचा ग्रुप उघडला आणि लिहिलं, "दगड मेले. विरजण हवे आहे. कुणाकडे आहे?"

पाठवल्यावर लक्षात आलं की मेसेज तुमच्या नावानं गेलाय. एकानं नुसतं लिहिलं, "सर???" दुसऱ्यानं काहीतरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. वर्षभरापूर्वी गेलेला माणूस ग्रुपवर दगड मागतोय म्हटल्यावर बिचारे काय लिहिणार! मी घाईनं लिहिलं, "मी त्यांची पत्नी." मग मात्र फोन खणखणायचा थांबेना. जो तो म्हणे, वहिनी, माझ्याकडचा घ्या. सगळ्यांत जुना, मोठा आणि चांगला मुरलेला दगड वाघोलीच्या जोगळेकर सरांकडे होता. कॉलेजात शिकवतात, तुमच्याकडे नेहमी यायचे ते. ते म्हणाले, "वहिनी, मीच घेऊन आलो असतो, पण पायाला प्लास्टर आहे. तुम्हाला यायला जमेल का?"

जमेल का! जमवायचंच होतं.

झाकणाची बादली घेतली, बॅटरीवरचा हवेचा पंप घेतला. चपला घालत होते तर अक्का मागे उभ्या. "म्या बी येते. चूक माजी हाय, बादली म्याच धरनार."

धायरीहून वाघोली म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठायचं. टॅक्सीवाल्यानं बादली पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "पाणी सांडणार नाही ना मॅडम? सीट नवी आहे." मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "सांडलं तर पुसून दिऊ. पुसायचं आमाला नगं शिकवू." नगर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. मी माझ्या खिडकीतून बाहेर बघत होते, अक्का त्यांच्या.

जोगळेकर सर कुबडी घेऊन दारापर्यंत आले. हॉलमध्ये टाकी, तुमच्यासारखीच, भिंतभर. अक्का तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कशाला चुकून हात लागू नये म्हणून.

मधोमध जांभळा, ओबडधोबड, चांगला घागरीएवढा दगड. सर म्हणाले, "हा न्या वहिनी. तुमचाच आहे."

"माझा कसा?"

"सरांनी दिलेल्या तुकड्यावरच तर हे सगळं उभं राहिलं. मी पहिल्यांदा टाकी केली ना, तेव्हा ते स्वतः स्कूटरवर घेऊन आले होते, डब्यात घालून, मधे पाय ठेवायच्या जागी डबा धरून. या दगडाला ते विरजण तिथलंच लागलंय. माझ्याकडून मग कोथरूडला गेलं, औंधला गेलं, एकानं तर नाशिकला नेलं."

अक्का वळल्या. "ह्ये आमच्या बाळूच्या घरातनं आलेलं हाय?"

"हो मावशी."

"आन समद्यांनी नेलं?"

"नेलं म्हणजे, मागून नेलं. सर कुणाला नाही म्हणायचे नाहीत."

 मी ग्लोव्ज चढवायला लागले तर अक्कांनी मला थांबवलं. सरांना विचारलं, हात कुठं धुवू? साबण लावू नका, असं सरांनी सांगितलं. अक्कांनी कोपरापर्यंत हात धुतले, पदरानं कोरडे केले, माझे ग्लोव्ज मागून घेतले आणि त्या जोगळेकरांच्या टाकीत हात घातला. दगड दोन्ही हातांनी उचलला, काखेत लेकरू घ्यावं तसा अंगाशी धरून बादलीत ठेवला. लुगडं पुढून सगळं भिजलं. सर म्हणाले, मावशी, चहा घेऊन जा. आम्ही घेतला.

येताना बादली अक्कांच्या मांडीवर. पंपाची बारीक घरघर चाललेली. येरवड्याच्या पुलाजवळ गाडी अडकली तेव्हा त्या बोलायला लागल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, बादलीच्या झाकणाकडे बघत होत्या.

"आमच्या बी घरी म्हैस व्हती, ठावं हाय का तुला? एकच, पन लई गुनाची. आई असं दही लावायची, वाटी पालथी केली तरी पडायचं न्हाई. गावात बाया एकमेकींकडं इरजनाला जायच्या. ह्या दारातनं त्या दारात, हातात वाटी घिऊन. आमच्या दारात कुनी आलं न्हाई. कुनाचं इरजन नासलं की आई दारात हुबी ऱ्हायची. वाटायचं तिला, आज तरी कुनी यील. बाळू लहान व्हता. त्यो म्हनायचा, आये, म्या दिऊन यिऊ का?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"न्हाई आलं कुनी. आन आता बघ की गं." त्यांनी झाकणावर तळवा ठेवला. "समद्या पुन्यात गेलं आमच्या घरचं. मागून नेलं म्हनाला त्यो."

अहो, मला रडू फुटलं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी सगळ्यांना पाणी देत फिरत होते, तेव्हा आलं नव्हतं असं रडू. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि त्याला वाटलं पाणी सांडलं. "मॅडम, सीट!" आम्ही दोघी हसायला लागलो.

आता सांगा. "विरजण कुणी मोजून देतं का?" हे तुम्ही हसत हसत म्हणायचात, ते या वाटीवरून होतं का? दारात कुणी डबा घेऊन आलं की तुम्ही हातातलं जेवण टाकून उठायचात, मी चिडायचे, ते यासाठी होतं? एवढा संसार केला तुमच्याबरोबर. म्हशीचं सांगितलंत, सारवलेल्या अंगणाचं सांगितलंत, आणि नेमकं हे गिळून टाकलंत. मला ते अक्कांकडून टॅक्सीत कळावं! आणि अक्कांना तरी कधी आणून दाखवलंत का, की बघ अक्का, आपल्या घरातलं कुठे कुठे गेलंय? तुमचा हा हिशेब मात्र मला पटलेला नाही. सांगायला काय झालं होतं?

असो. आता ओरडून उपयोग नाही.

वाघोलीचा दगड नव्या टाकीत मधोमध ठेवला. अक्कांनी घासलेले पांढरे दगडही टाकलेत, त्याच्या भोवती, त्याला चिकटून. जोगळेकर सर म्हणाले, फेकू नका वहिनी, शेजारच्याचं त्यांनाही लागेल, फक्त वेळ द्या. प्रवाळांचे छोटे दगड वरच्या बाजूला लावले. मासे टबातच ठेवून रोज पाणी बदललं. तुमच्या त्या थेंबांच्या बाटल्यांनी पाणी तपासत राहिले, रंग विषारी हिरव्यावरून चांगल्या पिवळ्यावर येईपर्यंत. सिद्धार्थ व्हिडिओवर रोज रंग बघायचा. "आई, अजून थोडा हिरवा आहे, घाई करू नको." बघा, आता तो मला घाई करू नको म्हणतोय!

रंग पिवळा झाल्यावर मासे सोडले. बाईसाहेबांचे साहेब लगेच दगडामागे लपले. बाईसाहेबांनी सगळ्या टाकीला एक चक्कर मारली, इतकी मोठी जागा पाहून मधेच थबकल्या, आणि मग डाव्या कोपऱ्यातल्या प्रवाळात ठाण मांडून बसल्या. आता तिथे हात नेला की चावायला येतात. म्हणजे सगळं ठीक आहे.

अक्का रोज सकाळी दात घासायच्या आधी टाकीपुढे जाऊन उभ्या राहतात. परवा मला हाक मारली. पांढऱ्या दगडांवर एका बाजूनं बारीक तपकिरी झाक धरलीय. "लागतंय बघ," म्हणाल्या. घासणी मी तरीही लपवून ठेवलीय. बाकी सगळ्या बाबतीत माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

दिवाण गेला तो गेलाच. त्या जागी आता दोन खुर्च्या टाकल्यात, टाकीकडे तोंड करून. संध्याकाळी आम्ही दोघी तिथे बसून शेंगा फोडतो.

आता तुम्हाला एक शब्द देते, आणि मी तुमच्यासारखी दिवाळी झाली की, थंडी सरली की करणारी नाही. उद्या वंदना झाली, "वहिनी, दोन शब्द" म्हणून कुणी माझ्याकडे बघितलं, की मी अक्कांना हाताला धरून उभं करणार आहे. तुमच्या म्हशीची, त्या वाटीची आणि टाकीची गोष्ट त्याच सांगतील, त्यांच्या भाषेत. मी पुढचं एवढंच बोलेन, की हे दगड नीट मुरले की पहिला तुकडा वाघोलीला परत जाणार. त्यानंतर डबा घेऊन जो कुणी या दारात येईल, त्याला ओळख न विचारता, जात न विचारता, तुकडा मिळेल. मी मोजणार नाही. आणि द्यायच्या वेळी दारात अक्का उभ्या असतील.

तुमची बाईसाहेब
(टाकीबाहेरची)